खिळ्यावरची साखळी

माझा भाऊ व्हर्लिन स्टॅम्पर भांडणात दुसरा ठोसा कधी मारत नसे. पहिल्यातच काम भागायचं. उत्तरेकडच्या यप्सिलांटी गावातल्या मोटार कारखान्यात त्याने एका मुकादमाचा जबडा मोडला, गुत्त्यात एकाचं डोकं काउंटरवर आपटलं, आणि दोन्ही वेळा घरी येऊन निवांत सूप बीन्स नि मक्याचा पाव खाल्ला. केंटकीच्या डोंगरात आमच्या बापाने आम्हाला घोड्याच्या वादीने फोडून काढलं होतं. व्हर्लिनने तो मार गावभर वाटला, पण घरात आणला नाही. बायकोवर, पोरीवर त्याचा हात कधी उठला नाही. म्हणून तर जावयाचे गुण कळल्यावर तो एवढा पेटला.

जावई रँडल. दिसायला देखणा, बोलायला साखर, आणि दार लावलं की कसाई. त्या हिवाळ्यात त्याने डार्लाचं, व्हर्लिनच्या पोरीचं, डावं मनगट पिरगाळून मोडलं. हाड वाकडं जुळलं, मुठीतला जोर गेला. डार्ला म्हणाली, बर्फावर घसरले. आम्ही काय दूधखुळे होतो?

व्हर्लिनच्या गॅरेजात एकोणीसशे सत्तरची मसल कार होती. इंजिन राक्षसाचं, पण स्टिअरिंग असं की वळवायला दोन दणकट हात हवेत, आणि सरळ रस्त्यावरही गाडी झिंगल्यासारखी इकडेतिकडे जायची. बर्फ वितळल्यावर त्याने तिचा पुढचा भाग खोलला. पॉवर स्टिअरिंग, नव्या आखूड स्प्रिंगा, नवे शॉक अब्जॉर्बर. शेजाऱ्यांना सांगायचा, म्हातारपणची हौस आहे. मला मात्र म्हणाला, "एका हाताने वळली पाहिजे. पोरगी टेनेसीला मावशीकडे पोचली पाहिजे."

या गाड्यांची पुढची स्प्रिंग भयंकर असते. गाडीच्या सगळ्या वजनाखाली दबलेली. खालचा जॅक निसटला की तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. आमच्या होबर्टकाकाचं अर्धं तोंड तिनेच नेलं. अंगणातले त्याचे दात मी वेचले होते. तेव्हापासून स्टॅम्परांच्या घरात रीतच पडली: आधी स्प्रिंगमधून साखळी ओवून गाडीच्या सांगाड्याला बांधायची, मगच पान्याला हात लावायचा. साखळी खिळ्यावर लटकत असेल तर गाडीजवळ फिरकायचं नाही. आमची पोरं गॅरेजात शिरताना आधी खिळ्याकडे बघतात.

शनिवारी मी व्हर्लिनला कॉफी द्यायला गेले, तर रँडल दारात उभा.

"काय सासरेबुवा, अजून या भंगाराशीच संसार का? डार्ला कुठाय? सकाळपासून घरी नाही."

"येईल," व्हर्लिन म्हणाला. आवाज इतका मऊ की माझ्या अंगावर काटा आला. "तू जरा इकडे बस. चाकापाशी, समोर. स्प्रिंग सरळ बसलीय का बघ. माझे डोळे गेले आता."

रँडल हसत उकिडवा बसला. तोंड स्प्रिंगपासून हातभर अंतरावर. सांध्याचा नट आधीच काढलेला, स्प्रिंग फक्त जॅकवर तोललेली, आणि जॅकची दांडी व्हर्लिनच्या मुठीत. मी खिळ्याकडे पाहिलं. साखळी तिथेच होती.

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. मी कॉफीचा कप खाली ठेवला आणि दोन पावलं मागे सरले.

तेवढ्यात मागच्या दारातून डार्ला आली. तिची नजर आधी खिळ्यावर गेली, मग बापावर. तिने साखळी काढली, नवऱ्याला गुडघ्याने बाजूला सारलं, आणि उजव्या हाताने ती स्प्रिंगमधून ओवून आकडा अडकवला.

"बाबा, तू तुरुंगात गेलास तर माझी गाडी पुरी कोण करणार?"

रँडलला साखळीचं काही कळलं नाही. 'माझी गाडी' एवढं मात्र कळलं. "तुझी गाडी? कुठे निघालीस गं?" म्हणत त्याने तिचं तेच मनगट धरलं आणि पिळलं. डार्ला किंचाळली. तिचा उजवा हात जमिनीवर पडलेल्या जुन्या स्टिअरिंगच्या दांड्यावर गेला. पहिला फटका त्याच्या कोपरावर बसला, हाडाचा आवाज झाला. दुसरा तोंडावर. तो दात थुंकत रांगत दाराकडे निघाला, तेव्हा तिने तिसरा बरगड्यांत घातला. व्हर्लिन जॅक धरून उभाच राहिला. साखळी असली तरी दबलेली स्प्रिंग डार्लाच्या पायाशीच होती, सोडणं शक्य नव्हतं.

"पुरे," शेवटी तो म्हणाला. "दांडा वाकेल."

आठवड्याभरात गाडी तयार झाली. डार्ला एकाच हाताने ती गल्लीच्या कोपऱ्यावर वळवून गेली, आणि मोडका हात खिडकीबाहेर काढून हलवला.

गॅरेजात येऊन व्हर्लिनने जमिनीवरची साखळी उचलली. मग म्हणाला, "त्या दिवशी साखळी तुला दिसली होती ना?"

"आंधळी आहे का मी?"

"मग बोलली का नाहीस?"

"तू दांडी कधी सोडतोस, त्याची वाट बघत होते."

तो साखळी टांगायला गेला. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि खिळ्याला अडकवली.