जर्मन फादरांचा शेवटचा रविवार

वाळणाऱ्या मोहफुलांचा गोडसर वास आला, की मला नवापूरजवळच्या मिशनमधला तो रविवार आठवतो. चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर आमचे जर्मन फादर नेहमीसारखे आम्हा तरुण पोरापोरींत अंगणात बसून, कुणाच्या घरी काय चाललंय ते ऐकत होते. पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि ते इंग्रजांच्या शत्रुदेशाचे, जर्मन, म्हणून सरकारी शिपाई त्यांना अटकेत टाकायला स्टेशनवर न्यायला आला. “चला फादर, गाडीनी येळ व्हई गई.” एका मुलीनं विचारलं, “आता आमचं कोण ऐकणार?” फादर उत्तर द्यायला गेले आणि त्यांना रडूच कोसळलं. पुढे आलेले फादर नुसती धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करून घेत, चुकणाऱ्याला उभं करत. एकेक करत आम्ही जायचंच सोडलं. आज मी म्हातारा झालो, पण आम्ही का येत नाही, हे विचारायला कधी कुणीच आलं नाही.