सुताचे हात

चौथीचा वर्ग माझ्याकडं आला त्याच महिन्यात एका मुलानं दुसऱ्याच्या मांडीत कंपासचं टोक घुसवलं. कारण काय, तर पुढच्या बाकावर कोण बसणार. टोक पेरभर आत गेलं होतं. मी ते ओढून काढत होते तेव्हा मारणारा मुलगा हाताची घडी घालून शांतपणे बघत उभा होता.

सीमाभागातल्या शहापुरातली ही सरकारी मराठी शाळा. त्याच आवारात पलीकडं कन्नड शाळा. भोवती मागांच्या गल्ल्या, त्यामुळं वीज असेपर्यंत खटखट थांबायची नाही. मुलं त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची आणि बोलून भागलं नाही की मारायची. चावायची, झिंज्या उपटायची, पायऱ्यांवरून ढकलायची. मीही मारत होते. लिहायला नको वाटतं, पण खरं आहे. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात गुरुजींनी आम्हाला निरगुडीच्या फोकानं शिकवलं होतं. मी शिकले, नोकरीला लागले, खासबागेत घर केलं, पण हाताची सवय गावचीच राहिली. छडीला बंदी आली तेव्हा मी लाकडी पट्टी वापरू लागले.

वर्गात एक मुलगी होती. बारीक अंगाची, दोन घट्ट वेण्या, अक्षर मोत्यासारखं. वडील मागावर कामाला, आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. ही मुलगी भांडण काढत नसे, पण कुणी अंगावर आलं की थांबतही नसे. एके दिवशी तिनं शेजारणीच्या तोंडावर पाण्याची स्टीलची बाटली हाणली. शेजारणीचा दात हलला. मी तिला पुढं बोलावलं. रागानं माझे कान तापले होते. पट्टी सापडेना, म्हणून मी हातच उचलला.

"थांबा बाई," ती म्हणाली.

तिनं मान एका बाजूला कलती केली, डाव्या कानातलं काढलं, मग उजव्या कानातलं. दोन्ही खिशात टाकली आणि गाल पुढं केला.

"कानात ऱ्हायलं की रगत येतंय," तिनं मला समजावून सांगितलं.

माझा हात तसाच वर राहिला. मग मी तो खाली घेतला आणि तिला जागेवर जायला सांगितलं. तिला ते कळलं नाही. ती दोन-तीनदा मागं वळून बघत गेली, अजून काही व्हायचं राहिलंय अशी. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही.

त्याच सुमारास वरून पत्रक आलं होतं की मुलांना मूल्यं शिकवा. त्या महिन्याचं मूल्य होतं कृतज्ञता. इतर वेळी मी फळ्यावर एक सुविचार लिहून मोकळी झाले असते. पण त्या कानातल्यांनी मला स्वस्थ बसू दिलं नव्हतं. मी वर्गाला म्हटलं, आपण सगळे मिळून एक मोठं चित्र करू. ज्या माणसाचं आपल्यावर काही ऋण आहे, त्याचा हात.

"थँक्यू म्हणायचं, व्हय बाई?" एकानं विचारलं.

"होय. पण तोंडानं नाही, हातानं."

एका पालकानं मागावरचं डाग पडलेलं पांढरं कापड दिलं, चांगलं भिंतभर. मुलांनी घरून तुटक्या सुताच्या गुंड्या आणल्या. प्रत्येकानं घरी त्या माणसाचा हात कागदावर ठेवायचा, भोवती पेन्सिल फिरवायची, ती बाह्यरेषा कापडावर उतरवायची आणि आत डिंकानं रंगीत सूत भरायचं. खाली एक ओळ लिहायची, त्या हातानं आपल्यासाठी काय केलं त्याची.

मुलं एकदम गुणी झाली असं सांगितलं तर ते खोटं होईल. लाल सुतासाठी त्यांनी एकमेकांना ओरबाडलं. एकीनं दुसरीच्या हातावर कात्री चालवली. पण काही वेगळंही घडत होतं. हाताची बाह्यरेषा काढायची तर तो हात धरून बसावं लागतं. एकजण म्हणाला, "आजीचा हात थरथरतोय बाई, रेघ सरळ येईना. मी धरून ठिवला." एकानं आजोबांचा हात आणला. ते निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाल होते, त्यांच्यामुळं घरात पहिली पदवी आली. एकीनं जवळच्या कुणाचाच न आणता गल्ली झाडणाऱ्या बाईचा आणला.

वेण्यावाल्या मुलीच्या कागदावर तर्जनी मधूनच बाहेर वळली होती, झाडाची मोडकी फांदी लटकते तशी.

"पेन्सिल घसरली काय गं?"

"न्हाय बाई. आईचं बोट तसंच हाय. आप्पानं धोटा हाणलेला."

आप्पा म्हणजे तिचे वडील. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणारा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. ती हे अशा सुरात बोलली की जणू आमचं घर देवळाच्या मागं आहे असं सांगते आहे. मग तिनं हिरव्या सुतानं हात भरला आणि खाली आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं : 'आप्पानं मोडलेल्या बोटानं आई माझ्या वेण्या घालते. थँक्यू आई.'

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. इथं मला थांबायला हवं होतं. तिच्या आईला बोलावून एक शब्द विचारायला हवा होता. मी विचारलं नाही. सगळ्या कापडावर तेवढी एकच ओळ जिवंत आहे असं मला वाटलं, आणि ती माझ्या वर्गात लिहिली गेली याचा मला अभिमान वाटला. शनिवारी पालकसभा होती. आदल्या दिवशी मी स्वतः स्टुलावर चढून ते कापड व्हरांड्यातल्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकलं.

सभेला नेहमी आया यायच्या. त्या शनिवारी वीज नव्हती, माग बंद होते, म्हणून बापही आले. तिचे वडीलही आले. उंच, स्वच्छ शर्ट, केसांना तेल. मला नमस्कारही केला. मी वर्गात कागद आवरत होते आणि मुलं डबे खात होती. बाहेर पालक हात बघत होते, हसत होते, आपापला ओळखत होते. मग एका माणसानं एक ओळ मोठ्यानं वाचली. शेवटच्या शब्दांपाशी त्याचा आवाज पडला आणि व्हरांडा गप्प झाला.

मी बाहेर आले तेव्हा वडील त्या ओळीसमोर उभे होते. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी कापडाचं टोक धरलं आणि ओढलं. खिळे भिंतीतून निघून फरशीवर उडाले. कापड उभं फाटलं.

"कुठं हाय ती?"

ती दारातच होती, हातात डब्याचं झाकण. त्यांनी तिची वेणी मनगटाला गुंडाळली, तिला बाहेर खेचली आणि खिडकीच्या गजावर तिचं डोकं आपटलं. एकदा, दोनदा. लोखंडाचा आवाज मला अजून ऐकू येतो. ती ओरडली नाही. तिनं फक्त दोन्ही हातांनी कान झाकले.

मी मध्ये गेले. त्यांनी मला उलट्या हातानं मारलं. चष्मा गेला, खालचा ओठ दातावर फाटला, तोंड खारट झालं. मी त्यांच्या हाताला लटकले, तर त्यांनी मला कोपरानं बरगडीत हाणलं आणि मी कापडावर पडले. सभोवती मोठी माणसं उभी होती. कुणी हललं नाही. "घरचा मामला हाय," असं कुणीतरी म्हटल्याचं मी ऐकलं.

मग मुलं आली.

आधी स्टीलची बाटली आली, थेट वडिलांच्या कानावर. मग कंपासपेट्या, पट्ट्या, डबे. ज्या शेजारणीचा दात हलला होता ती त्यांच्या दंडाला चावली आणि सुटेना. चौतीस मुलं होती. वडिलांनी वेणी सोडली, मागं सरकले, पायरी चुकली आणि ते अंगणात पाठीवर कोसळले. मुलं वरून त्यांच्यावर पडली. डोक्यातून रक्त येत होतं तरी मारणं थांबेना.

मी "थांबा" म्हणून ओरडले. पण लगेच नाही. आधी काही क्षण मी भिंतीला टेकून बघत राहिले, आणि ते क्षण मला गोड लागले. तेवढ्यात कन्नड शाळेतले सर पळत आले. त्यांनी एकेका मुलाला बखोटीला धरून बाजूला फेकलं तेव्हा खाली माणूस दिसला.

मुलीच्या कपाळाला टाके पडले. वडिलांच्या डोक्यालाही. हेडमास्तर म्हणाले, "बाई, मिटवून टाकू, शाळेचं नाव जातंय." मी मिटवलं नाही, तक्रार लिहिली. पोलिसांनी वडिलांना दोन शब्द सुनावले आणि संध्याकाळी सोडून दिलं.

सोमवारी वर्गात सणासारखं वातावरण होतं.

"बाई, मी दोन येळा हाणलो!"

"मी चावलो, रगत आलतं!"

मी म्हटलं, "तो माणूस मेला असता."

वर्ग गोंधळला. पहिल्या बाकावरची सगळ्यात लहान मुलगी उभी राहिली. "पण आमी तुमाला वाचवलं की बाई. मग थँक्यू म्हणा की."

चौतीस तोंडं माझ्याकडं बघत होती. माझा ओठ सुजलेला होता. मी म्हटलं, "थँक्यू." ते खरंच होतं. आणि म्हटल्याबरोबर मला कळलं की या शब्दानं मी त्यांच्या हातातल्या बाटल्यांना मान दिला. म्हणून मी पुढं हेही सांगितलं की मी थांबवायला उशीर केला, कारण मला ते बघायला आवडत होतं, आणि त्याची मला भीती वाटते. किती जणांना ते समजलं, देव जाणे. चावणारी मुलगी मात्र एकदम हुंदके द्यायला लागली. म्हणाली, तोंडातली चव जाईना.

तेवढ्यात दारात मुलीची आई उभी राहिली. गालावर काळंनिळं. मागं मुलगी, कपाळाला पट्टी.

"या," मी म्हटलं.

"मी बसायला न्हाय आलो." ती उंबऱ्यातच थांबली. "मी तुमाला सांगितलेलं काय, माझं बोट भिताडाला लावा म्हणून? नऊ वर्सं लपवून ठिवलेलं. गल्लीत सगळ्यास्नी मागाच्या पट्ट्यात सापडलं म्हणून सांगितलेलं. आता मी कुठं तोंड दाखवू? पोरीला थँक्यू म्हणायला शिकवलासा. मला इचारलं न्हाईसा."

मुलं ऐकत होती.

"ती घरात मार खाईत हुती, इथं चार लोकांत खाल्ली. एवढाच फरक केलासा तुमी."

तिनं दाखला मागितला आणि त्याच दिवशी मुलीला घेऊन जांबोटीकडच्या माहेरी गेली.

कापड बरेच दिवस कपाटात पडून होतं. एकदा मुलांनीच विचारलं, त्याचं काय करायचं. काहींना ते शिवायचं होतं. चावणारी मुलगी म्हणाली, "तिच्या आईचा हात तिच्या आईचा हाय. दिऊन टाकू." मग आम्ही तेवढाच चौकोन कापला. खालची ओळ त्यातून काढायची की नाही यावर तासभर भांडण झालं, पण कुणी कुणाला मारलं नाही. शेवटी ठरलं की ओळ राहू दे, ती काढायची असेल तर आईनं काढावी.

दसऱ्याची सुट्टी लागायच्या दिवशी आमची शाळा सकाळीच सुटली, तशीच मी तो चौकोन घेऊन गेले. जांबोटीला उतरून पुढची बस नव्हती, तासभर चालले. आई भाताच्या खाचरात गवत काढत होती. मला बघून बांधावर आली. मुलगी घरी नव्हती. शाळेत मारामारी केली म्हणून बाईंनी बसवून घेतलंय, असं आई म्हणाली. नवरा मध्ये एकदा येऊन गेला होता. तिचा भाऊ कोयता घेऊन दारात उभा राहिला, नवऱ्यानं तो हातानंच धरला, दोघं रक्तबंबाळ झाले आणि नवरा परत गेला.

मी म्हटलं, "आक्का, मी चुकले. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

तिनं चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि चौकोन घेतला. हिरव्या सुताच्या मोडक्या बोटावर स्वतःचं मोडकं बोट ठेवून बघितलं. ओळीवरून नुसती नजर फिरवली. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यात काय आहे ते आता सगळ्यांसारखं तिलाही माहीत होतं.

"तुमी पोलिसात काय लिवून दिलासा?"

"माझ्या ओठाचं. पोरीच्या कपाळाचं."

"माझं?"

"तुमचं मी कसं लिहू?"

तिनं चौकोनाची घडी घालून कमरेला खोचली. मग म्हणाली, "माझं मी सांगणार. येता काय संगट?"

सुट्टी संपायच्या आत आम्ही दोघी ठाण्यात गेलो. हवालदार कन्नडात लिहीत होता, ती कन्नडात सांगत होती. त्यानं विचारलं, कुठं लागलं होतं. तिनं उजवा हात टेबलावर ठेवला. त्यानं बोटाचं लिहून घेतलं, तारीख विचारली आणि कागद सहीला पुढं सरकवला.

"एवढंच न्हाय," ती म्हणाली.

मग ती सांगू लागली. जबडा. डावी बरगडी, दोनदा. पोटातलं एक मूल. पाठीवर मागाच्या पट्ट्याचे वळ, चटक्याच्या खुणा. कुठल्या सणाला, कुठल्या भाजीवरून, सगळं तिला पाठ होतं. तिचा आवाज चढला नाही. कागद भरला. हवालदारानं दुसरा घेतला, आणि थोड्या वेळानं पंखा मोठा करायला उठला. मी शेजारी बसून होते. मला तिच्या एका बोटाचीच माहिती होती, आणि तेवढ्यावर मी तिची सगळी गोष्ट भिंतीवर टांगली होती.

केस अजून चालू आहे. तारखेला ती पहिल्या बसनं येते, माझ्याकडं जेवते, संध्याकाळी परत जाते. गावच्या शाळेत ती आता मुलांसाठी भात शिजवते. मुलगी सातवीत गेली. अक्षर अजून तसंच आहे, आणि तिच्याविरुद्ध तक्रारीही तशाच येतात. मी दरवर्षी मुलांकडून हात काढून घेते. प्रत्येक हाताच्या मालकाला शाळेत बोलावते, ओळ वाचून दाखवते आणि विचारते, लावू का. काहीजण नाही म्हणतात. मी हात उचलणं सोडलंय म्हणते, पण गेल्या पावसाळ्यात एकदा एका मुलावर उचलला होता. मी तो खाली घेतला आणि त्या मुलाची माफी मागितली. तो म्हणाला, "असू दे की बाई."