फळ्याच्या चौकटीतली मुलाखत

नाटक झालं त्या दिवशी माझा धाकटा भाऊ घर सोडून गेला.

पुणतांब्याजवळच्या आमच्या गावात वडील हेडमास्तर होते आणि मी त्यांच्याच शाळेत शिकवत होते. मॅट्रिकच्या सराव परीक्षेत भावाच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. वडिलांनी त्याला वर्गादेखत उठवलं, बोर्डाचा फॉर्म अडवला. चिठ्ठी दुसऱ्या मुलाची होती, हे मुदत टळल्यावर कळलं. वडील त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. भाऊ दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला.

नाटक चित्रकलेच्या मास्तरांनी लिहिलं होतं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. मुंबईला त्यांनी टेलिव्हिजनवर एका पुढाऱ्याची मुलाखत पाहिली होती. गावात ते यंत्र कोणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्याच्या जागी फळ्याची रिकामी चौकट उभी केली आणि तिच्यामागे वडील पुढारी होऊन बसले. मी विंगेत वही घेऊन वाक्यं सांगायची. तालमीत वडिलांचा दंडक होता, विंगेतून वाक्य आलं की तेच म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही.

सकाळी भाऊ म्हणाला, "ताई, नाटक बघतो आणि संध्याकाळच्या गाडीनं जातो. हेडमास्तर घरात बोलत नाहीत, त्या टेलिव्हिजनच्या डब्यात बसून तरी काय बोलतात बघू."

"बापाला हेडमास्तर म्हनतोस व्हय रे?" आई म्हणाली. पण तिनं भाकरी बांधून दिली नाही. वडील एक शब्द बोलतील आणि तो थांबेल, अशी तिला आशा होती. मलाही होती.

दुपारी पटांगण भरलं. शेवटी मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, "तुमची चूक झाली नाही?"

वहीत उत्तर होतं, 'निर्णय योग्यच होता.'

वडील थांबले. मग म्हणाले, "झाली. माझ्या..." आणि पुढे शब्द येईना.

माझे डोळे वहीत होते. मला वाटलं, वाक्य विसरले. मी मोठ्यानं सांगितलं, "निर्णय योग्यच होता!"

लोक हसले. "मास्तर इसरले की वं!" कुणीतरी ओरडलं.

वडिलांनी विंगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "निर्णय योग्यच होता."

'झाली' म्हणताना ते लिंबाखाली उभ्या असलेल्या भावाकडे बघत होते, हे मला आईनं नंतर सांगितलं. तोवर गाडी निघून गेली होती.

घरी आल्यावर वडील एवढंच म्हणाले, "तू तुझं काम केलंस, बाळ."

भावाचं पत्र कधी आलं नाही. आईवडील आता नाहीत. वही माझ्याकडे आहे. ते वाक्य तिच्यात माझ्याच अक्षरात आहे.