मिशीवाल्या माशासाठी वाळू

लग्न होऊन मी ठाण्याच्या नौपाड्यातून डोंबिवलीला आले तेव्हा त्या घरात दोनच माणसं होती, माझा नवरा आणि सासरे. सासूबाई काही वर्षांपूर्वीच गेलेल्या. सासरे कोलशेतच्या एका रंगाच्या कारखान्यात, तिथल्या प्रयोगशाळेत नोकरी करून नुकतेच निवृत्त झाले होते. बोलणं अगदी मोजकं. सकाळी पेपर, दुपारी वामकुक्षी, आणि उरलेला वेळ बाहेरच्या खोलीतल्या फिशटँकसमोर. टँकच्या तळाशी निळे-लाल रंगवलेले खडे होते आणि वर चारदोन एंजल मासे, काही मोली आणि एक तपकिरी, ठिपक्यांचा मिशीवाला मासा. तो कायम तळाशीच असायचा, त्यामुळे आल्यागेल्याचं त्याच्याकडे लक्ष जात नसे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यात बाळ गेलं होतं. त्या वेळी मला कुणीच काही धड सांगितलं नाही. दवाखान्यात सगळे 'आराम कर, सगळं ठीक होईल' म्हणत राहिले आणि ठीक काहीच नव्हतं. घरी आल्यावर तर तो विषयच बंद झाला. म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी पूर्ण विश्रांती सांगितली तेव्हा मी आतून घाबरून गेले. माहेरी जावं, तर त्यांनी प्रवासालाही मनाई केली. आई ठाण्याच्या शाळेत शिकवायची, ती रविवारी यायची. बाकी दिवस नवरा ऑफिसात आणि घरात मी आणि सासरे.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला पिठलं-भात करून वाढला. पिठल्यात मीठ जास्त झालं होतं. ते त्यांच्याही लक्षात आलं, पण आम्ही दोघांनी ते तसंच संपवलं. मी दिवसभर छताकडे बघत पडलेली असायचे. एका रविवारी मला जाग आली तर नवरा आणि सासरे टँक रिकामा करून, लोखंडी स्टँडसकट माझ्या खोलीत आणत होते.

"इथे कशाला, बाबा?" मी विचारलं.

"बाहेर कोण बघतंय," ते म्हणाले. "तू बघ."

मग मी बघू लागले. दुसरं कामच नव्हतं. महिनाभराने मला दिसलं, की त्या तपकिरी माशाच्या मिशा आखूड होत चालल्यात. आधी वाटलं भास असेल. पण एका बाजूची मिशी तर नुसती खुंटासारखी उरली होती. सासरे चहा घेऊन आले तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी वाचायचं भिंग आणलं आणि टँकसमोर उकिडवे बसून बराच वेळ पाहिलं. मग बाही वर सारून पाण्यात हात घातला, मूठभर खडे काढले आणि एक खडा माझ्या तळहातावर ठेवला.

"फिरव बोट."

फोडलेल्या काचेसारखी धार होती त्याला.

"हा बिचारा दिवसभर यात तोंड खुपसून अन्न शोधतो," ते म्हणाले. "मी इतकी वर्षं टँक ठेवलाय, पण कधी नीट बघितलंच नाही. बरं झालं सांगितलंस." मग खडा पुसून खिशात टाकला. "वाळू घालू या."

संध्याकाळी नवऱ्याने शंका काढली. खड्यांच्या खाली प्लॅस्टिकची जाळी होती, पंपाने पाणी त्या खड्यांमधून खाली ओढलं जायचं आणि घाण तिथेच अडकायची. "वाळू घातलीत तर जाळी बुजेल, बाबा. फिल्टर बंद पडेल."

"जाळी काढू. कोपऱ्यात स्पंजचा फिल्टर बसवू," सासरे म्हणाले. नंतर माझ्याकडे वळून, "तुला काय वाटतं?"

मला कुणी काही विचारल्याला किती दिवस झाले होते. "घालू या," मी म्हटलं.

समोरच्या गल्लीत बिल्डिंगचं काम चालू होतं. तिथून ते पिशवीभर रेती मागून घेऊन आले. चिमूटभर रेती वाटीत घेतली, माझ्या पलंगाशी बसले आणि तीवर लिंबू पिळलं. वाटीत बारीक बुडबुडे उठले.

"खाडीची आहे. शिंपल्यांचा चुरा आहे यात, त्याने पाणी जड होतं," ते म्हणाले. "मीठही असणार. चालायची नाही." कारखान्यात असं काही करून दाखवताना ते कसे दिसत असतील, ते मला त्या दिवशी कळलं. चेहरा एकदम तरुण झाला होता.

दुसऱ्या दिवशी ते कल्याणला गेले आणि रिक्षातून नदीच्या वाळूच्या दोन पिशव्या घेऊन आले. पुन्हा वाटी, पुन्हा लिंबू. या वेळी एकही बुडबुडा आला नाही. आम्ही दोघं वाटीत डोकं घालून वाट बघत होतो आणि काहीच घडत नाही म्हणून खूश होत होतो.

मग धुणं सुरू झालं. पिठाच्या जुन्या चाळणीने चाळून, गॅलरीत बादलीत वाळू खळबळायची आणि पाणी ओतून द्यायचं. नळाला पाणी असेल तेवढ्याच वेळात हे करायचं. दर वेळी वरचं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन ते मला दाखवायला यायचे.

"झालं?"

"नाही बाबा, अजून गढूळ आहे."

"बरं." आणि परत गॅलरीत. त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण माझ्या 'हो'शिवाय त्यांनी ती वाळू स्वच्छ मानली नाही.

त्यातल्याच एका दुपारी, हात पुसत ते खुर्चीवर बसले आणि पेल्याकडे बघत म्हणाले, "तुझ्या सासूचंही पहिलं राहिलं नव्हतं."

मला हे माहीत नव्हतं. नवऱ्यालाही नव्हतं, हे नंतर कळलं.

"मी दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेलो. काय बोलावं ते कळेना, म्हणून काहीच बोललो नाही. ती बोलली असती, मी विचारलं असतं तर." मग पेला खाली ठेवून म्हणाले, "तुला भीती वाटते?"

"वाटते," मी म्हटलं, आणि इतके महिने साठलेलं सगळं रडू तेव्हा आलं. त्यांनी थोपटलं वगैरे नाही. ते नुसते बसून राहिले, मी थांबेपर्यंत. मग म्हणाले, "चहा टाकतो."

खडे एकदम काढले नाहीत. आधी अर्धेच काढले, काही दिवसांनी उरलेले. त्यातले थोडे एका फडक्यात बांधून टँकच्याच कोपऱ्यात ठेवले, कारण पाणी साफ राखणारं जे काही असतं ते त्या जुन्या खड्यांवरच असतं, असं ते म्हणाले. शेवटची वाळू वाटीवाटीने सोडली तेव्हा सगळं पाणी ताकासारखं पांढरं झालं. एकही मासा दिसेना. मी काचेला नजर लावून पडून राहिले.

सकाळी पाणी निवळलं होतं. ओट्यावर पीठ पसरावं तशी फिकट वाळू तळाशी पसरली होती. सासरे टँकपाशी उभे होते.

"एक एंजल गेला," ते म्हणाले.

नवरा दारातून त्यांना खुणा करत होता, तिला सांगू नका म्हणून. त्यांनी तिकडे पाहून नकारार्थी मान हलवली. "तिला दिसणारच आहे. उगाच लपवायचं कशाला?" आणि मला म्हणाले, "पाण्यातला बदल त्याला सोसला नसेल. बाकीचे बरे आहेत. खाली बघ."

मला वाईट वाटलं. पण मोकळंही वाटलं. या घरात मला खरं सांगणारा एक माणूस आहे आणि तो 'बरे आहेत' म्हणाला तर ते खरंच बरे असतात, एवढी खात्री मला त्या क्षणी मिळाली. पुढचे महिने मी त्या खात्रीवर काढले.

खाली तो तपकिरी मासा डोळ्यांपर्यंत तोंड वाळूत खुपसून बसला होता. मग त्याने कल्ल्यांतून वाळूचा छोटासा धूर सोडला, दोन बोटं पुढे सरकला आणि पुन्हा तोंड खुपसलं. मी हसले. सासरेही हसले, आवाज करून, जे मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

मिशा हळूहळू परत आल्या, एक जरा वाकडी. मुलगी वेळेवर आणि धडधाकट झाली. तिला पहिल्यांदा हातात घेताना सासऱ्यांनी आपले हात साबणाने इतका वेळ धुतले, की नर्स हसायला लागली.

आमच्याकडे आभार मानायची पद्धत नव्हती. पण मुलगी शाळेत जायला लागल्यावर, एका संध्याकाळी तिला क्लासला सोडून आम्ही दोघं परत येत होतो, तेव्हा मी एकदाचं म्हणून टाकलं, "बाबा, तेव्हा तुम्ही होतात म्हणून मी निभावले."

त्यांनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"अगं, मलाही घरात कुणाशी तरी बोलायचं होतं," ते म्हणाले. मग डेअरी बंद व्हायच्या आत दूध घ्यायला हवं, असं म्हणून त्यांनी पावलं उचलली, आणि मीही.