कलमाची पट्टी

कोंबडी पहिल्या दिवशी वाचली ती सोमवार होता म्हणून.

कुत्र्यानं तिला पेरूच्या बुडातून ओढत कुंपणापर्यंत नेलं होतं. मी कॉलेजातून आले तेव्हा ती बांबूच्या पाटीखाली झाकलेली होती. उजवा पाय गुडघ्याखाली लोंबत होता. आमच्याकडं कोंबडी जखमी झाली की ती मरायच्या आत कापतात. त्यात कुणाला वाईट वाटत नाही. मलाही आधी वाटत नव्हतं. पण ही कोंबडी मी खोक्यात बल्ब लावून वाढवलेल्या पिलांपैकी शेवटची होती.

"आज सोमवार हाय, उद्या तुझ्या आईचा उपास," आबा, माझे वडील, म्हणाले. "रविवारी मामा येतोय. तवर जगली तर रस्सा त्याला."

"आणि पाय बरा झाला तर?" मी विचारलं.

आबा हसले. "रविवारपतुर पाय टेकला तर ऱ्हाऊ दे. कोंबडीचा पाय कुणी बांधतंय व्हय?"

मी बांधला. मोबाइलवर व्हिडिओ बघून बांबूच्या दोन कामट्या तासल्या, जखमेवर हळद लावली आणि आईच्या पिशवीतली प्लॅस्टिकची पट्टी घेऊन गच्च गुंडाळली. आई रोपवाटिकेत आंब्याची कलमं बांधायला जाते, त्या कामाची ती पट्टी. हाड हलू नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शेजारच्या काकू कुंपणावरून रोज विचारायच्या, "काय डॉक्टरीणबाई, पेशंट जेवला का?" मी बी.एस्सी.ला आहे, डॉक्टरकीला नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मी पहिलीच. त्यामुळं घरात काही अडलं, फॉर्म असो की औषधाची बाटली, सगळे माझ्याकडं बघतात. मला पुष्कळदा येत नसतं. तसं म्हणायला मात्र जीभ रेटत नाही.

गुरुवारी सकाळी कोंबडीची बोटं सुजून निळसर झाली होती. हात लावला तर गार. मी पाटी परत झाकली आणि कुणाला काही न सांगता कॉलेजला गेले. दिवसभर वर्गात बसून होते, पण वहीत एक ओळ उतरली नाही.

संध्याकाळी आई कामावरून आली आणि पाटी उचलून बघितली. मला वाटलं, आता ओरडणार. ती म्हणाली, "हिकडं ये," आणि मला घरामागच्या परड्यातल्या आंब्याजवळ घेऊन गेली. आईनं रोपवाटिकेतून आणलेलं ते पहिलं कलम. त्याच्या खोडाला बुडापासून वीतभर वर एक खोल करकोचा आहे. तो मी लहानपणापासून बघत होते, पण कधी विचारलं नव्हतं.

"जोड बसला, पण पट्टी सोडायची मी इसरले," आई म्हणाली. "झाड जाड होत गेलं, पट्टी न्हाय झाली. आत रुतली. वाळायलाच लागलंतं." तिनं त्या खाचेवरून बोट फिरवलं. "बांधाय सगळ्यांस्नी येतंय. सोडायची आठवण ऱ्हात न्हाय."

मग आईनं कोंबडी मांडीवर घेतली. पट्टी ब्लेडनं कापली. जुन्या साडीची मऊ चिंधी पायाला गुंडाळली, कामट्या लावल्या आणि नवी पट्टी खालून वर बांधत नेली. शेवटी स्वतःची करंगळी आत घालून बघितली. "एवढी जागा पायजे. आणि रोज सोडून बघ. कळलं न्हाय तर इचारत जा की मला."

शुक्रवारी बोटं कोमट लागली. शनिवारी तळव्याखाली माझं बोट धरलं तर तिनं ते आवळलं, अगदी हलकं. मी आईला हाक मारून दाखवलं.

रविवारी मामा आले. आबांनी पाटी उचलली आणि कोंबडी आंब्याखाली सोडली. ती एका पायावर उभी राहिली, दुखरा पाय पोटाशी धरून. आबा थांबले. मीही थांबले. थोड्या वेळानं तिला मातीत काहीतरी दिसलं असावं. तिनं बांधलेला पाय खाली टेकला आणि चांगल्या पायानं माती उकरली. दोनदाच. मग बसली.

"टेकला की," आबा म्हणाले, आणि मोटारसायकलची किल्ली घेतली.

"म्हणजे आमास्नी दुकानातली," मामा म्हणाले. "पावण्यापेक्षा कोंबडीचा मान मोठा झालाय ह्या घरात."

ती अजून लंगडते. कामट्या काढल्या त्या दिवशी आईनं स्वतःच्या हातातलं ब्लेड माझ्याकडं दिलं. परड्यात आम्ही यंदा लावलेल्या आंब्याच्या नव्या कलमाचा जोड बसला होता. त्याची पट्टी मी सोडली. खाली साल हिरवी होती. करकोचा नव्हता.