पहिल्या पानाचा मान

मधुवंती देशकरला भांडखोर म्हणणारे यवतमाळात पुष्कळ निघतील, आणि त्यातले निम्मे तिच्या घरातलेच असतील. वडील कचेरीत, काका वकील; सगळं घर खाली मान घालून फायली सांभाळणारं. हिनं मात्र लोकांच्या वेबसाइटी नीट लावून देण्याचा धंदा काढला. म्हणजे नेमकं काय करतेस, असं आई विचारी. लोक मीठ नेऊन न्हाणीत ठेवतात, ते मी स्वयंपाकघरात आणून ठेवते, असं ती सांगे.

मारेगावजवळच्या एका शेतकरी संस्थेचं काम तिच्याकडं आलं. संस्था कापूस खरेदी करते आणि सरकी काढायच्या जिनिंगमध्ये जागा उरली नाही की खरेदी बंद ठेवते. बंदची सूचना वेबसाइटवर अगदी वेळेवर येई. फक्त ती 'आस्थापना विभाग', त्याच्या पोटात 'परिपत्रके', त्याच्या पोटात 'इतर' अशी दडलेली असे. सूचना आस्थापनेचा कारकून काढी, म्हणून ती त्याच्या कप्प्यात! आणि पहिलं पान म्हणजे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स. वर अध्यक्ष भगवानराव हात जोडून, खाली मानाप्रमाणे लहान लहान होत गेलेले संचालक, त्याखाली अध्यक्षांचं मनोगत.

एका बंदच्या दिवशी तानाबाई नावाची शेतकरीण कापसानं भरलेली बैलबंडी घेऊन फाटकाशी आली, तेव्हा मधुवंती तिथंच होती. निघायच्या आधी वेबसाइट पाहिली नाही का, असं तिनं विचारलं.

"पाह्यली ना," तानाबाई म्हणाली. "हे भाऊ हात जोडून उभे होते. मले वाटलं, या म्हणून राह्यले."

बाकीचे हसले. मधुवंतीला हसू आलं नाही, संताप आला. थकलेले बैल तसेच माघारी वळले आणि तिनं मनाशी ठरवलं, हे पान असं राहू द्यायचं नाही.

पुढच्या खरेदीच्या दिवशी तिनं वेबसाइटवरची एकेक गोष्ट एकेका चिठ्ठीवर लिहून नेली, आवारात ताडपत्री अंथरली आणि रांगेतल्या लोकांना म्हणाली, तुम्हाला जे एकत्र हवं ते एकत्र ठेवा. वादावादी झाली, चिठ्ठ्या इकडच्या तिकडं गेल्या. शेवटी तीन ढीग झाले: घरून निघायच्या आधी लागतं ते, इथं आल्यावर लागतं ते, आणि परत गेल्यावर लागतं ते. मनोगताची चिठ्ठी कुठल्याच ढिगात गेली नाही. उडू नये म्हणून कुणीतरी तिच्यावर दगड ठेवला, तेवढाच तिचा मान.

मधुवंतीनं वेबसाइट तशीच लावली. सर्वांत वर, ठळक अक्षरात, आज खरेदी चालू की बंद, आणि बंद असली तर पुन्हा कधी. संचालक तळाला, 'संस्थेविषयी'मध्ये.

भगवानराव तसे वाईट नव्हते. पण लग्नपत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून सख्ख्या साडवाच्या मांडवातून न जेवता उठलेले. त्यांनी सगळ्या संचालकांसमोर तिला बोलावलं. फोटो आणि मनोगत होतं तिथं वर पाहिजे, नाहीतर कपिल फ्लेक्सवाला एका दुपारी करून देतो, तुमचं काम संपलं. हो म्हणून मोकळी हो, असं वडिलांनी सकाळीच बजावलं होतं.

"लावते ना भाऊ," मधुवंती म्हणाली. "पण जो वर असते, लोकं त्यालेच विचारतात. फोटोखाली तुमचा नंबर टाकते. खरेदी चालू हाये का बंद, ते तुम्ही सांगत जा. पटत नसंन तर कपिलले काम द्या, मी ह्या पावली जाते."

एक संचालक छताकडं पाहत मिशी पुसू लागला. चारचौघांत माघार घेतील तर ते भगवानराव कसले?

"टाक नंबर. मी का लोकायले भेतो?"

तिनं फोटो आणि मनोगत वर घेतलं, चालू-बंदची ओळ खाली गेली, आणि नंबर टाकला, तोही मोठ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून फोन वाजायला लागला. दाढी करताना, देवपूजेत, पानावर बसल्यावर. झरी जामणीच्या एकाला भगवानरावांनी वैतागून, काही न पाहता, चालू असंन, असं सांगून टाकलं. जिनिंग तर भरलेलं. तो माणूस बंद फाटकावरून टेम्पो वळवून थेट त्यांच्या दारात आला आणि ओसरीवर ठाण मांडून बसला.

दुपारी मधुवंतीचा फोन वाजला. फोटो राहू दे, नंबर तेवढा काढ, असं भगवानरावांचं म्हणणं. आवाज चढा होता, पण पहिल्यासारखा नव्हता.

"नंबर एकटा निघत नाही भाऊ," ती म्हणाली. "फोटोसंगच निघते."

 फोनवर मागं टेम्पोवाला चहा मागत होता.

"काढ मंग," भगवानराव म्हणाले.

"मनोगत?"

"तेबी काढ. पण पह्यले मले सांग, खरेदी कधी चालू होऊन राह्यली? हा माणूस उठतच नाही."

मधुवंतीनं आधी चालू-बंदची ओळ वर आणली, मग त्यांना सांगितलं, पहिलं पान उघडा.