पालखीतले मासे

लोणावळ्याच्या खालच्या अंगाला, आमच्या वाडीच्या ओढ्यात एक डोह आहे. त्यातले मासे देवाचे. अमावास्येला त्यांना चुरमुरे घालायचे, पण बोट लावायचं नाही. चुरमुऱ्यांना उशीर झाला की ते काठाशी येऊन असे बघत, जणू जाबच विचारताहेत.

त्या उन्हाळ्यात वरच्या टेकाडावर मुंबईच्या एका शेठनं बंगला बांधला आणि साखळी ओढायचे संडास बसवले. आम्ही तरणी पोरं मुद्दाम बघायला गेलो. माळ्यानं साखळी ओढली तेव्हा मी चक्क टाळ्या वाजवल्या. हे सारं जातं कुठं, असं कुणीच विचारलं नाही. थोड्याच दिवसांत मैल्याची टाकी फुटली आणि उत्तर आपणहून ओढ्यात आलं.

डोह काळा पडला. खेकडे बिळं सोडून खडकावर येऊन बसले, रोजचा खंड्या फांदी सोडून गेला. काही मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते, उरलेले तोंड वर काढून हवा गिळत होते. शेठनं माळ्याकरवी निरोप धाडला, "पाणी उतारानंच खाली येतं, त्याला मी काय करू?"

बंगल्याच्या वरच्या बाजूला दुसरा डोह होता, स्वच्छ. पण मासे न्यायचे कसे?

"हात लावायचा न्हाई," म्हातारा गुरव म्हणाला.

"मग मरू द्यायचं व्हय आबा?" माझी मावशी कडाडली. "ज्याचं हाईत त्यालाच इचारा की!"

गुरवानं देवाला कौल लावला. उजवीकडचं फूल पडलं. ठरलं! देव स्वतः पालखीतून वरच्या डोहावर जाणार आणि मासे त्याच्यासोबत.

आम्ही चौघे भोई कमरेएवढ्या त्या घाणीत उतरलो. पितळी हंडे आडवे बुडवून आत चुरमुरे टाकले. मासे आपल्या पायांनी, म्हणजे शेपटांनी, आत शिरले. मधे देवाचा मुखवटा, दोन्हीकडे हंडे. ढोल वाजू लागला. पुन्हा पुन्हा खेपा करायच्या होत्या, आणि वाट जात होती बंगल्याच्या दारावरून.

"पाय धुऊ नका रं," मावशी हळूच म्हणाली.

आता आमच्याकडची रीत अशी, की पालखी दारात थांबली की घरच्या बाईनं भोयांच्या पायांवर पाणी घालायचं. शेठाणीबाई मोठ्या भाविक. तांब्या घेऊन लगबगीनं आल्या, वाकल्या, आणि तशाच पदर नाकाला लावून उभ्या राहिल्या.

"हा कसला वास?" शेठ ओसरीवरून ओरडले.

"तुमचाच हाय, शेठ," मी म्हणालो. "परत आणलाय."

शेठाणीबाईंनी हंड्यात वाकून पाहिलं. एक मासा वर येऊन त्यांच्याकडे तोंड उघडून बघत होता. त्यांनी नाकावरचा पदर काढला, आमचे आठही पाय धुतले आणि शेठकडे वळून एवढंच म्हणाल्या, "टाकी नीट होईपर्यंत साखळीला कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ हातात टमरेल घेऊन माळाकडे निघालेले अख्ख्या वाडीनं पाहिले. मग टाकी कशी झपाट्यानं दुरुस्त झाली म्हणता!

पावसाळ्यात ओढ्यानं डोह घासूनपुसून काढला आणि मासे वरून आपसूक उतरून आले. पूर्वीइतके नाहीत, पण आले. खंड्याही परतला. पालखी अजून त्या दारात थांबते. शेठाणीबाई तांब्या घेऊन येतात, पण आधी लांबूनच आमचे पाय बघून घेतात.